तळघरातलं सोनेरी पाणी

"आली! आली! आई वर आली!"

तळघरात एकच गलका झाला. मागच्यांनी पुढच्यांना रेटलं, पुढचे मागच्यांवर खेकसले, आणि कुणाचा तरी रिकामा कॅन माझ्या गुडघ्यावर सणकून आदळला. जिन्यावर माणसं, कठड्याला लटकलेली माणसं, गंजक्या पाइपांवर तोल सावरत उभी असलेली माणसं. मधोमध फरशीत एक चौकोनी खड्डा होता आणि त्याच्या तळाच्या भेगांतून पाणी वर येत होतं. बुडबुडा नाही की आवाज नाही, गुपचूप, बोटाबोटानं. आणि ते पाणी पिवळं होतं. गढूळ पिवळं नव्हे. लिंबाच्या सालीसारखं स्वच्छ, झळझळीत पिवळं.

खड्ड्याच्या काठावर ओलेबाबा दोन्ही हात वर करून उभे होते. अंगाभोवती ओली पांढरी चादर, म्हणून ओलेबाबा. चादर कधीच वाळत नाही अशी ख्याती होती. मागे एक शिष्य बादली घेऊन उभा होता, त्याच्याकडे पाहण्याची तसदी कुणी घेत नव्हतं.

"सहा दिवस रुसून बसलीस, आई!" बाबांनी आवाज लावला. "आज बुधवार. आज लेकरं आलीत. मंडळी, पाण्याला कान असतात. कानांत कंपनं असतात. कंपनांत स्मृती असते. आणि स्मृतीत? स्मृतीत सोनं असतं! मोठमोठे शास्त्रज्ञ आत्ता कुठे हे शोधून काढतायत. मी शाळेत नापास झालो तेव्हापासून सांगतोय!"

लोक हसले आणि हसता हसताच त्यांनी हात जोडले. मला ही युक्ती मोठी नामी वाटली. माणूस हसला की त्याच्या शंका ढिल्या पडतात.

मी तिथे दर्शनाला गेले नव्हते. जमिनीची तपासणी हा माझा धंदा. हा कारखाना चालू होता तेव्हा इथे नळांना, हँडलांना, गाड्यांच्या बंपरांना क्रोमचा मुलामा चढवत. तो बंद पडून बरीच वर्षं झाली होती आणि आता नगरपालिकेला त्या जागेवर घरं बांधायची होती. खाली माती कसली आहे, पाणी किती खोल आहे, त्यात काय मिसळलंय, हे मी सांगायचं होतं. त्यासाठी आवारात बारीक भोकं पाडून मी पाइप उतरवले होते. आणि क्रोमच्या कारखान्याखाली पिवळं पाणी दिसलं की माझ्या धंद्यातला माणूस आधी हातमोजे शोधतो. ते सोनं नसतं. ते जहर असतं.

मी ओरडून तसं सांगणार, तेवढ्यात मला तिसऱ्या रांगेत माझी सख्खी थोरली बहीण दिसली. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात माझ्या बारा वर्षांच्या भाचीचा हात. भर उन्हाळ्यात पोरीनं जाड मोजे घातले होते.

* * *

मी त्या कामापुरती ताईकडेच उतरले होते, कारखान्याच्या जुन्या कामगार वसाहतीत. दोन खोल्या, मधे पडदा. घरी आल्यावर मी चपलाही न काढता विचारलं, "पोरीचं मलम कुठंय?"

"बंद केलं," ताई म्हणाली.

"कुणाला विचारून?"

"आईसारखी बोलू नकोस माझ्याशी. वर्षभर लावलं ना मलम? काय उजेड पडला?"

"डॉक्टर म्हणाल्या होत्या, हळूहळू कमी होईल. होतही होतं. दाखव बघू पाय."

भाचीनं आईकडे पाहिलं, मग मोजे खाली केले. पूर्वी गुडघ्यांमागे इसबाचे दोन चट्टे होते, ते मी पाहिलेले होते. आता पोटऱ्यांपासून घोट्यांपर्यंत कातडी लाल, कच्ची झाली होती आणि मधेमधे गोल, खोल फोड होते, पेन्सिलीच्या टोकानं कोरल्यासारखे. 

"ताई, हे वाढलंय."

"वाढलं म्हणजे निघतंय. बाबा म्हणाले, आतला रोग बाहेर पडताना असंच दिसतं."

"म्हणजे बरं झालं तर पाण्यामुळे, आणि बिघडलं तरी पाण्याचाच गुण! मग हा माणूस चुकला हे कळायचं कसं? पोटात तर देत नाहीस ना?"

"सकाळी एक चमचा," भाची हळूच म्हणाली.

मी उठून मोरीत गेले, तांब्यात ठेवलेलं ते पाणी बाटलीत ओतून घेतलं, घट्ट बूच लावलं. ते तपासायला पाठवायचं होतं, पण आधी पोरीचं पाहायचं होतं. ताई माझ्यामागे आली. तिचा चेहरा रागानं आणि रडण्यानं वेडावाकडा झाला होता.

"विष असतं तर त्याच्या हाकेला आलं असतं का? सहा दिवस तो खड्डा कोरडा ठणठणीत असतो, मी स्वतः जाऊन पाहिलाय. बुधवारी तो हाक मारतो आणि येतं. तू शिकलीस ना एवढं? सांग की मग. कसं येतं?"

मला सांगता आलं नाही. खरं सांगते, त्या क्षणी बाबांपेक्षा मला माझाच जास्त राग आला. पाण्यात काय आहे ते मला ठाऊक होतं, पण ते बुधवारीच का येतं ते नव्हतं. आणि लोकांचा विश्वास पाण्यावर नव्हताच, त्या बुधवारवर होता.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला ओढूनच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी रक्त तपासायला घेतलं, पाय स्वच्छ धुतले, मलमपट्टी केली आणि ताईला दम भरला. ताईनं मान डोलावली. पण माझ्या नजरेला नजर दिली नाही. मी दिवसभर कामावर असायची. घरात काय चालेल याची खात्री कोण देणार?

* * *

ताईच्या सासऱ्यांनी उमेदीची सगळी वर्षं त्या कारखान्यात घालवली होती. सगळी वसाहत त्यांना आजोबा म्हणे. त्या संध्याकाळी वातावरण निवळावं म्हणून असेल, त्यांनी नातीला हाक मारली, "ये, गंमत दाखवतो." त्यांनी शिवणाच्या डब्यातून जाड दोरा काढला, एका नाकपुडीत सरकवला आणि दुसरीतून बाहेर ओढला. आरपार.

भाची सवयीनं हसली. मी हसले नाही. "आजोबा, हे काय?"

"अगं, आमच्या खात्यात सगळ्यांच्याच नाकाला भोक. मुलाम्याच्या टाकीवर उभं राहायचं, वाफ नाकात जायची. नवीन पोराचं नाक शिट्टी मारायला लागलं की आम्ही म्हणायचो, आता हा पक्का झाला."

"त्या टाकीतलं पाणी कुठल्या रंगाचं असायचं?"

"गडद तांबडं. फरशीवर सांडलं की पिवळं," आजोबा म्हणाले. दोरा त्यांच्या बोटांत तसाच राहिला.

"तरी सत्तरी ओलांडलीच की त्यांनी," ताई पडद्याआडून म्हणाली.

"बाकीच्या सोबत्यांनी ओलांडली का, ते विचार त्यांना," मी म्हणाले. आजोबांनी दोरा डब्यात ठेवून दिला.

मी विषय बदलला. मला तळघराबद्दल विचारायचं होतं. "कारखाना चालू असताना त्या खड्ड्यात काय होतं?"

"पंप!" आजोबांना बोलायला विषय मिळाला. "रात्रंदिवस धडधडायचा. त्याचा आवाज नसला तर आम्हाला झोप लागायची नाही. कारखान्याला पाणी पुरवायचा तो. आम्ही संप केला तेव्हा सगळी यंत्रं बंद पाडली, पण पंपाला हात लावू दिला नाही. म्हटलं, भांडण मालकाशी आहे, पाण्याशी नाही. वसाहतीच्या नळालाही तेच पाणी येतं अशी आमची समजूत होती."

"पंपाचा पाइप कुठे जायचा?"

"मागच्या ओढ्यात."

"ओढ्यात? कारखान्याला लागणारं पाणी ओढ्यात कशाला सोडायचं?"

आजोबा बोटानं हवेत पाइपाची वाट काढू लागले, तळघरातून ओढ्यापर्यंत. आयुष्यभर ज्या पंपाच्या आवाजावर ते झोपले होते, तो काय करत होता हे त्यांना आत्ता कळत होतं.

"तो पाणी आणत नव्हता, आजोबा," मी म्हणाले. "हटवत होता. इथे जमिनीखाली पाणी फार वर आहे. पंप उपसत होता म्हणून तळघर कोरडं राहिलं. कारखाना बंद झाला, वीज तोडली, पंप थांबला, आणि तेव्हापासून पाणी हळूहळू वर चढतंय. वाटेतल्या मातीत तुमच्या टाक्यांचं सांडलेलं, झिरपलेलं सगळं आहेच. ते धुऊन घेत येतंय, म्हणून पिवळं."

"आम्ही कुणी कधी विचारलंच नाही," आजोबा म्हणाले.

पण बुधवार अजून सुटला नव्हता.

* * *

पुढचे दिवस मला चैन पडली नाही. पाइपांपाशी जायची, फीत खाली सोडायची (पाण्याला टेकली की ती बीप वाजवते), खोली मोजायची आणि पुन्हा पुढच्या पाइपाकडे. बाटलीत घेतलेलं ते पाणी मी प्रयोगशाळेत पाठवलं होतं. निकाल आला, क्रोमचं प्रमाण मर्यादेच्या कितीतरी पट वर. मी तो वसाहतीत दहा जणांना दाखवला. "आई जमिनीतलं विष आपल्या अंगावर घेते, म्हणून पिवळी दिसते," असं बाबांनी आधीच सांगून ठेवलं होतं. कागद हातात घेऊन लोक माझ्याकडे कीव आल्यासारखे पाहत.

दरम्यान एक गोष्ट मला छळत होती. माझ्या सगळ्याच पाइपांतलं पाणी रोज सकाळी खाली जायचं आणि रात्रीतून पुन्हा वर यायचं. आणि पूर्वेकडच्या भिंतीजवळ ते सर्वांत जास्त खाली जायचं. भिंतीपलीकडे होतं काय? मी पाइपांच्या ढिगावर चढून डोकावले. पलीकडे दोऱ्याच दोऱ्या आणि त्यांवर वाऱ्यानं फडफडणाऱ्या पांढऱ्या चादरी. हॉटेलांची धुलाई करणारी मोठी लाँड्री. आतून धडधड ऐकू येत होती.

मग मला गेला बुधवार आठवला. तळघरात उतरण्यापूर्वी भिंतीवरून काही दोऱ्या ओझरत्या दिसल्या होत्या, कशाच्या ते कळलं नव्हतं. मोकळ्या होत्या.

मी जवळजवळ धावतच लाँड्रीत शिरले. मालकीणबाई दणकट होत्या, आवाज त्याहून दणकट.

"तुमची सुट्टी कधी असते हो?"

"बुधवारी. शनिवार-रविवारचे पाहुणे गेले की सोमवारी-मंगळवारी चादरींचा डोंगर येतो. तो उपसला की बुधवारी सकाळी टाक्या भरून घेतो आणि सगळं बंद. का?"

"पाणी कुठून घेता?"

"आमची बोअर आहे की. चांगली खोल. पहाटेपासून पंप सुरू असतो." त्या थांबल्या. "पाण्यात काही आहे का? अहो, अलीकडे माझ्या चादरी पिवळट निघतायत. मी बिचाऱ्या साबणवाल्याला हाकलून दिलं!"

मी त्यांना समजावलं. त्यांची बोअर आणि तो खड्डा एकाच खडकातल्या भेगांनी जोडलेले. त्या सहा दिवस दिवसभर पाणी ओढतात, म्हणून खड्डा कोरडा; रात्री चढलेलं कुणी पाहत नाही. बुधवारी टाक्या भरून पंप थांबतो, म्हणून पाणी लोकांसमोर वर येतं. आणि त्याच बोअरचं पाणी धुलाईलाही वापरू नका, तपासून घ्या. त्या कपाळाला हात लावून ऐकत होत्या. मग दोऱ्यांवरच्या चादरींवरून मला बाबांची पांढरी चादर आठवली आणि मी त्यांचं वर्णन केलं.

"उंच? बोलायला लागला की थांबत नाही?" बाई उसळल्या. "अहो, तो आमच्या गाडीवर होता! हॉटेलांना चादरी पोचवायचा. कामचुकार. बुधवारी सुट्टी असली तरी घरी जायचा नाही, भिंतीवरून उडी मारून त्या तळघरात झोपायचा. तिथेच दिसलं असणार त्याला पाणी. आणि पांढरी चादर म्हणालात? तिच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं शिवलेली खूण असेल बघा. आमचीच आहे ती."

"पुढच्या बुधवारी माझ्यासाठी पंप चालू ठेवाल? मी फोन करेन तेव्हा बंद करायचा."

"चादर परत मिळणार असेल तर काहीही करेन," बाई म्हणाल्या.

* * *

त्या बुधवारी गर्दी आणखी वाढली होती. ताई पुन्हा आली होती, भाचीला घेऊन. डॉक्टरांनी दम भरूनही! मी तिच्याकडे पाहिलं, तिनं मान फिरवली.

"ये, आई!" बाबांनी हाक मारली.

खड्डा कोरडा.

"ये! लेकरं तहानलीत!"

खड्डा कोरडा. लोकांत चुळबुळ सुरू झाली. बाबांच्या कपाळावर घाम आला, आणि शिष्यानं न सांगता त्यांच्यावर आणखी एक बादली ओतली. बाबा कंपनांवर बोलले, स्मृतीवर बोलले, एका श्वासात चार लोकांच्या मुळव्याधीवरही बोलले. भेगा काही ओलावेनात. मग त्यांची नजर गर्दीवरून फिरली आणि माझ्यावर थांबली.

"अश्रद्ध!" ते गरजले. "ही बाई आईच्या पोटात भोकं पाडते! ही इथे उभी आहे तोवर आई वर येणार नाही. थेंबभर येणार नाही!"

माझ्याभोवतीची माणसं सरकली, पण मागे नाही, माझ्याकडे. कुणीतरी खांद्याला धक्का दिला. आणि मग ताईचा आवाज आला. "जा ना गं तू! का सगळ्यांच्या मुळावर उठलीस?"

ते मला लागलं. आजही आठवलं की लागतं. पण मी जागची हलले नाही.

"सगळ्यांनी ऐकलंत ना?" मी ओरडले. "मी आहे तोवर पाणी येणार नाही. बाबा, नक्की?"

"नक्की! आलं तर ही चादर उतरवून निघून जाईन!"

मी फोन काढला. "बाई, बंद करा."

भाचीनं डोकं वर केलं. "मावशी, धडधड थांबली."

"कसली धडधड?" ताईनं विचारलं. कुणाच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. पंपाच्या आवाजाला या वसाहतीचे कान पिढ्यान् पिढ्या सरावलेले होते.

मी खड्ड्याच्या काठावर बसले. मला बसवेना. उठले. नखं कुरतडली. खडक काही पुस्तकं वाचून वागत नाही. आज उशीर लागला तर? आलंच नाही तर? मग ही पोर आयुष्यभर त्या पाण्यात पाय बुडवत बसेल, आणि मीच बाबांची कीर्ती वाढवलेली असेल. लोक शिव्या देत होते, बाबा डोळे मिटून शांत उभे होते. 

"तिथे," भाची म्हणाली.

कोपऱ्यातली एक भेग ओली झाली होती. मग दुसरी. मग तळावर पिवळा पापुद्रा पसरला आणि वर चढू लागला. या वेळी कुणीही "आली" म्हणून ओरडलं नाही. कुणी हाकही मारली नव्हती. मी खड्ड्याच्या अगदी काठावर उभी होते.

बाबांनी डोळे उघडले आणि क्षणात सावरले. "पाहिलंत? आईचं काळीज! हिलासुद्धा क्षमा केली!"

"क्षमा केली?" मी फोन कानाला लावला. "बाई, करा सुरू." भिंतीपलीकडे धडधड सुरू झाली. सगळे ऐकत राहिले. हळूहळू पाणी बसलं, उतरलं, तळाशी एक डबकं सोडून भेगांत परत गेलं. "आता काय झालं, बाबा? पुन्हा रुसली?"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग दुसरं. हे हसू बाबांच्या विनोदाचं नव्हतं. मालकीणबाई जिन्यावरून वाट काढत खाली आल्या आणि त्यांनी सगळ्यांसमोर बाबांच्या अंगावरच्या चादरीचा कोपरा उलटला. लाल खूण सगळ्यांना दिसली. "परत कर," त्या म्हणाल्या. आत पँट आणि बनियन होतं. ओलेबाबा एका मिनिटात कोरडे झाले आणि जिन्याकडे पळाले. शिष्य बादलीसकट मागोमाग.

मी लोकांना सगळं सांगितलं. लाँड्रीचा बुधवार, खडकातल्या भेगा, बंद पडलेला पंप. आजोबाही बोलले, अडखळत: संपातसुद्धा आम्ही ज्या पंपाला जपलं, तो पाणी देत नव्हता, अडवत होता, आणि आम्हाला ते कधी कळलं नाही. जुने कामगार माना खाली घालून ऐकत होते.

वाटलं, संपलं. पण एक म्हातारी म्हणाली, "कसंही येवो, पाणी तर गुणाचंच आहे ना? पिऊन पिऊन बरं वाटतंय की." आणि तिनं तळाशी उरलेल्या डबक्याकडे बाटली नेली. तिच्यामागे आणखी तिघं-चौघं. माझा संताप झाला, डोळ्यांत पाणी आलं. चोर पकडला होता, आणि लोक चोरीचा माल तेवढ्याच भक्तीनं घरी नेत होते.

तेव्हा भाची पुढे झाली. ती खड्ड्याच्या पायरीवर बसली, सगळ्यांच्या वाटेत. तिनं मोजे काढले. पँट गुडघ्यांपर्यंत दुमडली. मग पट्ट्या सोडवू लागली. ताई तिला झाकायला धावली, पण मधेच थांबली.

"हे याच पाण्यानं झालंय," पोर म्हणाली.  "सगळे म्हणत होते रोग निघतोय, म्हणून मी गप्प बसले. खूप आग होते. रात्री झोप येत नाही. आधी बघा, मग भरा."

म्हातारीनं वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग बाटली उलटी केली. पिवळं पाणी खड्ड्यात परत गेलं, आणि तिच्यामागच्यांनीही आपापल्या बाटल्या ओतल्या. ताई पोरीशेजारी पायरीवर बसली आणि तिच्या पायांवर पट्टी पुन्हा बांधू लागली. तिला गाठ मारता येत नव्हती, डोळ्यांना दिसत नव्हतं. मी मारून दिली.

आता त्या जागेला कुंपण आहे. नगरपालिकेनं घरांचा बेत थांबवलाय. आधी पंप बसवावा लागेल, उपसलेलं पाणी शुद्ध करावं लागेल, आणि ते वर्षानुवर्षं चालेल. कंटाळवाणं काम आहे, त्यासाठी कुणी कॅन घेऊन रांग लावत नाही. मी ऐकलंय, बाबांनी दुसऱ्या गावात दुसरं काहीतरी सुरू केलंय. तुमच्याकडे आले तर माझं एवढंच ऐका. ते म्हणतील, मी हाक मारली म्हणून आलं. तुम्ही म्हणा, मग परत पाठवून दाखवा. आणि तरीही त्यांचं पटलं, तर गुण आला असं सांगणाऱ्यांना नका विचारू, ज्यांना गुण आला नाही त्यांना शोधून काढा आणि त्यांना विचारा. ते बहुधा मोजे घालून मागे उभे असतात.

भाचीचे पाय सुकत आलेत. काही खुणा राहतील असं डॉक्टर म्हणाल्या. ताई सकाळ-संध्याकाळ स्वतः मलम लावते.